नको तो विचार नेमका जपातच का येतो?

प्रश्न : माझं वय ३६. कळत्या वयापासून रोज सकाळी अंघोळ झाली की जपाला बसते. वीस मिनिटांत जप व्हायचा आणि उठताना हलकं वाटायचं. मुलगी झाली आणि तीन-चार महिन्यांतच भलताच प्रकार सुरू झाला. नाम घेता घेता मध्येच देवाविषयी घाणेरडे शब्द मनात येतात. कधी शिवी, कधी असं काही चित्र की ते कागदावर उतरवायचीही हिंमत होत नाही. तसं झालं की ती माळ मी बाद धरते, सात वेळा क्षमा मागते आणि पहिल्या मण्यापासून पुन्हा सुरू करते. आता मुलगी दोन वर्षांची आहे आणि जपाला दीड-दोन तास लागतात. कामावर रोज उशीर होतो. घरातल्या एका वडीलधाऱ्यांना आडून विचारलं, तर म्हणाले, मन मलिन झालंय, जप वाढव. वाढवला, तर विचारही वाढले. धाकटी बहीण म्हणते, हा सगळा वेडेपणा आहे, सोडून दे. नवऱ्याला मी दिवसातून दहादा विचारते, "मुलीला काही होणार नाही ना?" तो बिचारा दहादा "नाही" म्हणतो. माझ्या मनाच्या तळाशी देवाबद्दल द्वेष आहे का? याची शिक्षा माझ्या मुलीला होईल का? आणि जप सोडू की वाढवू?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर सगळ्यात सोपं आहे. जप सोडू नका आणि वाढवू तर मुळीच नका. तो पुन्हा वीस मिनिटांवर आणायचा आहे. कसा, ते पुढे सांगते. त्याआधी तुम्हाला जे होतंय त्याचं नाव सांगायला हवं. आजवर तुम्हाला त्याचं 'पाप' एवढंच नाव माहीत आहे.

पत्र वाचून निदान करायचं नसतं, ते डॉक्टरांचं काम. पण तुम्ही जे लिहिलंय ते ओसीडी (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर) या मानसिक आजाराच्या वर्णनाशी जवळजवळ ओळीला ओळ जुळतं. ओसीडी म्हटलं की आपल्याला दिवसभर हात धुणारी किंवा कुलूप दहादा ओढून बघणारी माणसं आठवतात. त्याच आजाराचं एक धार्मिक रूपही असतं, त्याला स्क्रुप्युलॉसिटी म्हणतात. नको असलेला विचार मनात घुसतो, त्याची भीती वाटते आणि ती भीती शमवण्यासाठी माणूस काहीतरी ठरावीक कृती करतो. कुणी हात धुतो, तुम्ही माळ बाद धरता. ओसीडी दुर्मीळ नाही, शंभरातल्या एक ते तीन जणांना आयुष्यात कधी ना कधी होतो. बाळंतपणानंतर तो सुरू होणं किंवा बळावणं हेही डॉक्टरांना चांगलं परिचयाचं आहे. त्यामुळे "मुलगी झाल्यावर सुरू झालं" हे वाक्य डॉक्टरांकडे गेलात की आवर्जून सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका.

आता तुमचा पहिला प्रश्न. मनाच्या तळाशी द्वेष असल्याशिवाय असे शब्द येतील कसे, असं तुम्हाला वाटतं. हे वाटणं स्वाभाविक आहे, पण चूक आहे. १९७८ मध्ये स्टॅनले राखमन आणि पद्मल डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी कुठलाही मानसिक आजार नसलेल्या लोकांना विचारलं, की तुमच्या मनात नको ते, ओंगळ किंवा भयानक विचार येतात का? सुमारे ८० टक्के लोकांनी हो म्हटलं. पुढे २०१४ मध्ये १३ देशांतल्या ७७७ विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आधीच्या तीन महिन्यांत असा निदान एक तरी आगंतुक विचार मनात आल्याचं सुमारे ९४ टक्के जणांनी सांगितलं. खरं सांगायचं तर त्यांत "गॅस बंद केला का" छापाच्या शंका जास्त होत्या आणि किळसवाणे विचार सगळ्यात कमी. पण तेही होतेच. म्हणजे विचार येणं ही तुमची खासियत नाही. फरक पडतो तो विचार आल्यानंतर. दुसरा माणूस "काय हे भलतंच" म्हणून पुढच्या कामाला लागतो. तुम्ही मात्र त्या विचाराला तुमच्या मनाची साक्ष समजता.

आणि तो नेमका जपातच का येतो? ज्याला देवाचं काही पडलेलं नाही त्याच्याही मनात असा शब्द चमकून जात असेल. पण त्याला तो टोचत नाही, म्हणून लक्षातही राहत नाही. जी गोष्ट आपण जिवापाड जपतो तिथेच असा विचार रुततो. नव्या आईला बाळ हातातून पडल्याची दृश्यं दिसतात, सभ्य माणसाला भर सभेत शिवी तोंडातून निघेल अशी धास्ती वाटते. तुम्ही जपता देवाला, म्हणून तुमच्या वाट्याला हा विषय आला.

दुसरं कारण म्हणजे पहारा. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांचा १९८७ चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यांनी लोकांना सांगितलं, की पुढची पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार मनात आणायचा नाही आणि आलाच तर घंटा वाजवायची. घंटा वाजतच राहिल्या. पुढे "आता खुशाल अस्वलाचा विचार करा" असं सांगितल्यावर, ज्यांना सुरुवातीपासून मुभा होती त्यांच्यापेक्षा या दाबून बसलेल्यांच्या मनात अस्वल जास्त वेळा आलं. याचं कारण सोपं आहे. एखादा विचार आला नाही ना हे तपासायचं तर मनाला तो विचार कुठेतरी धरून ठेवावाच लागतो. तुम्ही आसनावर बसता तेव्हा निम्मं मन नामात असतं आणि निम्मं "आला का, आला का" बघत असतं. मग तो येतोच.

अशा विचाराशी वाद घालूनही भागत नाही. सतराव्या शतकातला इंग्रज धर्मोपदेशक जॉन बन्यन याच्या मनात "ख्रिस्ताला विकून टाक" हे शब्द घोळत राहायचे. जेवायला बसावं, काडी तोडावी, काही करावं, की आलेच. तो उत्तर द्यायचा, नाही, हजारांना नाही, हजारोंना नाही. दम लागेपर्यंत तो हे म्हणत राहायचा. शेवटी थकून गेल्यावर "जाऊ दे त्याला" असा विचार मनात येऊन गेला आणि त्या एका क्षणाच्या धास्तीने बन्यन पुढे कितीतरी काळ होरपळत राहिला. त्याच्या श्रद्धेबद्दल आज कुणी शंका घेत नाही.

आपल्याकडे तर संतांनी देवाला समोरासमोर सुनावलंय. जनाबाईंनी विठ्ठलाला घातलेल्या शिव्या आपण भक्ती म्हणून टाळ वाजवून म्हणतो. त्यांनी ते जाणूनबुजून म्हटलं, तुमच्याकडे ते न बोलावता येतं, एवढा फरक. (पण हा दाखला दिलासा म्हणून रोज आठवत बसू नका. नाहीतर उद्यापासून दर शिवीनंतर जनाबाईंची आठवण काढण्याचा नवा नेम लागेल आणि आपण होतो तिथेच येऊ.)

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट विचार ही नाहीच. ती आहे बाद धरलेली माळ. सात वेळा क्षमा मागितली की क्षणभर सुटल्यासारखं वाटतं ना? आजार पोसला जातो तो त्या सुटकेवर. मन त्यातून शिकतं, की धोका खरा होता आणि क्षमा मागितली म्हणून टळला. पुढच्या वेळी धोका मोठा वाटतो आणि क्षमा जास्त वेळा मागावी लागते. सावकाराच्या कर्जासारखं आहे हे, रोज व्याज भरायचं आणि मुद्दल आहे तेवढंच. वीस मिनिटांचे दोन तास असेच झाले.

ही गोष्ट धार्मिक परंपरांना मानसशास्त्राच्या आधीपासून ठाऊक होती. जेझुइट पंथाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला १५२२ मध्ये स्पेनमधल्या मानरेसा गावी राहत होता. तिथे त्याला जुन्या पापांनी पछाडलं. ख्रिस्ती धर्मात धर्मगुरूपुढे पाप कबूल करून क्षमा मागतात. ते तो करून चुकला होता, अगदी लिहून काढून. तरी काहीतरी सांगायचं राहिलं असं वाटून तो पुन्हा पुन्हा कबुली द्यायला जाई. धर्मगुरूने शेवटी आज्ञा केली, की गेलेली पापं आता सांगायची नाहीत, अगदी स्पष्ट असेल तेवढंच सांग. पंचाईत अशी, की इग्नेशियसला सगळंच स्पष्ट वाटत होतं! त्यामुळे आज्ञेचा काही उपयोग झाला नाही. जीव द्यावा असंही त्याच्या मनात येऊन गेलं. मग त्याने आठवडाभर अन्नपाणी सोडलं, तेव्हा धर्मगुरूने दटावून उपास सोडायला लावला. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी पापांची रांग पुन्हा सुरू झाली. शेवटी त्याने ठरवलं, की जुन्या पापांची कबुली पुन्हा द्यायचीच नाही. एकही नाही. तिथून तो सुटला.

यातला "अगदी स्पष्ट असेल तेवढंच" हा अपवाद तुम्ही नीट लक्षात ठेवा, कारण तो तुमचंही मन मागणार आहे. "साधा शब्द आला तर पुढे जाईन, पण चित्र आलं तर माळ पुन्हा धरीन." असा अपवाद ठेवलात की आठवड्याभरात सगळे विचार अपवादातच मोडतील. विचार कुठलाही असो, माळ पुन्हा धरायची नाही.

हे धर्माच्या विरुद्धही नाही. चूक होणार हे धरूनच उपासना रचलेली असते. पूजेच्या शेवटी मंत्र येत नाही, विधी कळत नाही, असेल तसं गोड मानून घे, अशी क्षमाप्रार्थना असते आणि ती एकदा म्हणून पूजा संपते. नमाजात किती रकाती (नमाजाची आवर्तनं) झाल्या याचा घोळ झाला तर शेवटी दोन जादा सजदे करतात, म्हणजे कपाळ जमिनीला टेकवतात, सगळी नमाज सहसा पहिल्यापासून पढत नाहीत. मनात नको ते येण्याला इस्लामी परंपरेत वसवसा म्हणतात आणि त्याच्या मागे लागू नका असंच जाणते सांगतात. सात वेळा क्षमा आणि पहिल्या मण्यापासून सुरुवात हा नियम तुम्हाला कुठल्या गुरूने किंवा ग्रंथाने दिलाय? तो भीतीने घातलेला आहे.

त्या वडीलधाऱ्यांनी दिलेला सल्ला मायेने दिलेला असेल, पण तुमच्या बाबतीत तो उलटा पडला. त्यांनाही दोष देऊ नका, तुम्ही त्यांना आडूनच विचारलं होतं. बहिणीचं मत मात्र एका मोठ्या माणसाच्या मताला जाऊन भिडतं. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने १९०७ मध्ये अशा रुग्णांचे चाळे आणि धार्मिक विधी यांची तुलना करणारा निबंध लिहिला आणि दोन्हींत बरंच साम्य दाखवलं. मला ती तुलना अर्धीच पटते. बाहेरून बघणाऱ्याला वीस मिनिटांचा जप आणि दोन तासांचा जप यांत फक्त वेळेचा फरक दिसेल. आतून ते दोन वेगळे व्यवहार आहेत. तेव्हा तुम्ही देवाकडे जात होतात. आता संकट टाळायला जाता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०१-०२ मध्ये एडिंबऱ्यात माणसाच्या एकांतातल्या धर्मावर व्याख्यानं दिली, तीच पुढे पुस्तकरूपात आली. त्यांचा आग्रह असा होता, की धार्मिक अनुभव कुठून उगवला यावरून त्याची किंमत करू नका, त्याला फळं कसली येतात ते बघा. ही कसोटी तुमच्या दोन जपांना लावा. पूर्वीच्या जपानंतर तुम्ही हलक्या होऊन उठत होतात. आताच्या जपाने कामावर उशीर, नवऱ्याला दहा प्रश्न आणि देवाचीच धास्ती. बहिणीला म्हणावं, धर्म सोडायची गरज नाही, धर्मात शिरलेला आजार बाहेर काढायचाय. शिवाय घाबरून जप टाकलात तर भीतीचंच ऐकल्यासारखं होईल. मग देवळासमोरून जाताना, कुणी आरती म्हणताना तोच विचार येईल आणि तेही टाळावंसं वाटेल.

आता कसं करायचं ते. गजर लावा, वीस मिनिटांचा. विचार आला की मणी पुढे ओढायचा. क्षमा नाही, उत्तर नाही, मान झटकणं नाही, मागे वळून "नाम नीट उच्चारलं गेलं का" हे तपासणं नाही. विचार घालवायचाही नाही, तो बसू दे बाजूला. गजर झाला की उठायचं, मग जप मनासारखा झालेला असो वा नसो. पहिले काही दिवस मनासारखा होणारच नाही. छातीत धडधड होईल, काहीतरी अर्धवट ठेवून आल्यासारखं दिवसभर वाटत राहील आणि संध्याकाळी "एकच माळ करून टाकू" असं वाटेल. ती माळ करू नका. पूर्वीचं हलकं वाटणं लगेच परत येईल अशी अपेक्षाही ठेवू नका. ते आलं की नाही हे रोज तपासायला लागलात, तर तोही एक पहाराच होईल.

एवढं एकटीने जमणं अवघड आहे हे मला माहीत आहे. म्हणून नवऱ्याला विश्वासात घ्या. शब्द सांगायची गरज नाही, प्रकार सांगा. आणि त्यांचं ते "काही होणार नाही" बंद करायला सांगा. ते ऐकून मिळणारा दिलासा क्षमेसारखाच असतो, तासाभरात विरतो. त्याऐवजी "तुला भीती वाटतेय, कळतंय मला. पण या प्रश्नाचं उत्तर मी आता देणार नाही" एवढंच म्हणायचं आणि शेजारी बसायचं. हे दोघांनी शांत असताना आधी ठरवा, ऐन वेळी नको, नाहीतर ते तुटकपणाचं वाटेल आणि भांडण होईल.

यावरून तुमचा दुसरा प्रश्न. मुलीला शिक्षा होईल का? विचार करणं म्हणजे कृती करण्याइतकंच वाईट आणि विचार केला की ते घडण्याची शक्यता वाढते, अशा दोन समजुती ओसीडीत वारंवार आढळतात. तुमच्या पत्रात दोन्ही आहेत, पहिली पापाच्या रूपात आणि दुसरी मुलीच्या काळजीत. डोक्यात आलेल्या शब्दाने दोन वर्षांच्या मुलीला काहीही होत नाही. हे मी एकदाच सांगतेय. याच प्रश्नाचं दुसरं पत्र आलं तर उत्तर देणार नाही, आणि तो कोरडेपणा नसेल. "पण शंभर टक्के खात्री आहे का?" असं तुमचं मन आत्ताच विचारत असेल. शंभर टक्के खात्री कुणाला कशाचीच नसते, तरी आपण मुलांना शाळेत पाठवतो, रस्ता ओलांडतो. देवाच्या बाबतीत तेवढी खात्री मागितली तर श्रद्धा ठेवायला जागाच उरत नाही.

उपचारांबद्दल. मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांच्याकडे जा आणि एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन ही पद्धत ते वापरतात का, हे विचारा. तिच्यात भीती वाटते ती गोष्ट समोर येऊ द्यायची आणि ती शमवणारी नेहमीची कृती करायची नाही. वर सांगितलेला जप हे तिचंच घरगुती रूप आहे. तिथे हे पायरीपायरीने आणि तुमच्या पेलण्याइतकं केलं जातं. तुमच्याकडून देवाचा अपमान करवून घेतील अशी भीती असेल तर ती पहिल्याच भेटीत बोलून दाखवा. चांगला थेरपिस्ट श्रद्धेची वेस ओलांडायला लावत नाही, गरज पडली तर तुमच्या धर्मातल्या जाणत्या माणसाशीही बोलतो. औषधंही असतात, मुख्यतः एसएसआरआय या नैराश्यावरही देतात त्या गटातली. त्यांचा परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागू शकतात, म्हणून पंधरा दिवसांत सोडू नका. मुलगी अजून अंगावर पीत असेल किंवा पुन्हा दिवस राहण्याचा विचार असेल तर डॉक्टरांना तेही सांगा. आणि इग्नेशियससारखं जगणं नकोसं वाटायला लागलं, तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी घरच्यांना सांगून दवाखाना गाठा.

तुमची खरी अडचण बहुधा दवाखान्यातल्या खुर्चीवर बसल्यावर येईल. ते शब्द तोंडातून निघणार नाहीत. निघायची गरजही नाही. एका कागदावर लिहून न्या : 'जप करताना देवाविषयी नको ते विचार येतात. ते आले की मी जप पहिल्यापासून करते. रोज दोन तास जातात. मुलगी झाल्यापासून सुरू झालं.' कागद टेबलावर पुढे सरकवा. असे कागद त्यांनी आधीही वाचलेले असतात, पुढचं काय विचारायचं ते त्यांना कळतं.